आप्पा म्हणतात घरावर जप्ती येणार, आतडी सडली – डिप्रेशनमध्ये असले भ्रम होतात का?

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, कुणाला माहिती असेल तर नक्की सांगा. वडील (आम्ही आप्पा म्हणतो), वय ६८, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी होते, सगळं आयुष्य हिशोबात गेलं, एक पैसा इकडचा तिकडं होऊ दिला नाही. दिवाळीनंतर हळूहळू बोलणं कमी झालं, जेवण तुटलं, पहाटे तीनला उठून बसतात ते बसतात. सकाळी तर बघवत नाही अशी अवस्था असते, संध्याकाळी जरा बरं. फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी आणि टॉनिक दिलं. पण आता भलतंच बोलायलेत. म्हणे कारखान्याच्या पैशात मी घोळ केलाय, इन्कमटॅक्सवाले येणार, घरावर जप्ती येणार, तुम्हा पोरांना सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर बसून भीक मागावी लागणार. शेठजी स्वतः घरी आले, समोर बसून म्हणाले दिवाणजी तुमचा हिशोब चोख आहे, तर शेठ गेल्यावर म्हणतात त्यांना पोलिसांनीच पाठवलं होतं. पासबुक दाखवलं तर ते बनावट म्हणे. आता नवीन सुरू झालंय की पोटातली आतडी सडून गेलीत, खाल्लेलं जाणार कुठं, म्हणून ताट बाजूला सारतात. रात्री कान देऊन ऐकतात आणि म्हणतात बाहेर माणसं मला चोर म्हणायलेत, बाहेर तर कुणीच नसतं. बहीण म्हणते डिप्रेशन आहे, मेहुणे म्हणतात डोकं फिरलंय, काका म्हणतात भानामती. डिप्रेशनमध्ये माणूस उदास होतो एवढंच मला माहीत, त्यात हे असलं पण असतं का?

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
मी मनोविकार विभागात काम करतो. न तपासता निदान सांगता येत नाही ते आधीच सांगून ठेवतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, असतं. तीव्र डिप्रेशनमध्ये काही लोकांना भ्रम आणि भास होतात, त्याला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. त्यावर लिहितो सविस्तर, पण त्याआधी एक थेट विचारायचंय. आप्पा मरणाचं बोलतात का? मी नसलेलं बरं, माझ्यामुळं तुम्हाला त्रास, असं काही? आणि पाणी किती पितात?

पूर्वभाग_सोलापूर
हो सर. परवा आईला म्हणाले मी गेलो की तुमची सुटका होईल. पाणी मागे लागलं तर दोन घोट. आम्ही विषय बदलला, म्हटलं नको ते डोक्यात जायला.

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
मग थांबू नका, आजच घेऊन जा. सिव्हिलला म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कॅज्युअल्टी २४ तास असते, वैशंपायन मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग तिथंच आहे. किंवा तुमच्या ओळखीचे मनोविकारतज्ज्ञ असतील तर त्यांना आत्ता फोन करा. निघेपर्यंत आप्पांना एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेले तरी दाराबाहेर कुणीतरी. घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर ते, सगळं हाताबाहेर ठेवा. रात्री-अपरात्री बोलावं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि विषय बदलू नका, विचारा. "आप्पा, जीव द्यायचे विचार येतात का" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वागवलेलं ओझं बोलता येतं, आणि आपल्याला धोका किती आहे ते कळतं. या प्रकारच्या डिप्रेशनमध्ये आत्महत्येचा धोका साध्या डिप्रेशनपेक्षा जास्त असतो म्हणून एवढं तातडीनं सांगतोय.

तात्या_बाळे
भाऊ, दवाखाना कर पण एकदा बाहेरचं पण बघून घे. आमच्याकडं एकाला असंच झालतं, पोटात काहीतरी घातलंय म्हणायचा. अमावस्येला उतारा केला मग फरक पडला. गोळ्यांनी माणूस नुसता झोपून राहतो.

अक्कलकोटची_लेक
तात्या, तुम्ही मायेनं सांगताय ते कळतंय, पण मी मुद्दाम लिहिते कारण हे आमच्या घरात घडलंय. माझ्या आईला असंच झालं होतं. ती म्हणायची माझ्या पापामुळं गावात पाऊस पडत नाही. नंतर नंतर म्हणायला लागली मी मेलेलीच आहे, तुम्ही मला उगा का जेवायला घालताय. स्वामींच्या गावात राहतो आम्ही, देवाधर्माला कुणी कमी नाही, दर्शन रोज होतं. पण नात्यातल्या मोठ्या माणसांनी एका बाबाकडं नेलं, त्यानं तिला उपास धरायला सांगितला! जी बाई आधीच जेवत नाही तिला उपास! वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. नंतर सोलापूरला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले अजून उशीर झाला असता तर किडनीवर आलं असतं.

दादा, नमस्कार करा, अंगारा लावा, त्याला कुणी अडवत नाही, पण आधी दवाखाना. आणि डॉक्टरांना ते जे जे विचित्र बोलतात ते सगळं सांगा. आमची आई डॉक्टरपुढं एकदम शहाण्यासारखी बसायची, "झोप नाही, अशक्तपणा आहे" एवढंच सांगायची. घरी म्हणायची त्या डॉक्टरला सांगितलं तर तो पण पोलिसांना कळवेल. मी वहीत तारखेनं लिहून नेलं होतं, ते वाचल्यावर डॉक्टरांनी औषधच बदललं.

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
ताईंनी फार मोलाचं सांगितलं. हे निदान हुकतं त्याचं हेच मोठं कारण, पेशंट भ्रम लपवतो. त्याच्या दृष्टीनं ते भ्रम नसतातच, ते लाजिरवाणं सत्य असतं, मग ते परक्यापुढं कोण बोलणार. म्हणून घरच्यांशी वेगळं बोलल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही.

आता आजाराबद्दल. यातले भ्रम बहुतेक वेळा उदासीच्याच रंगाचे असतात. मी पापी आहे, मी गुन्हा केलाय, आम्ही कंगाल झालो, मला असाध्य रोग झालाय, माझे अवयव नाहीसे झाले, मी मेलोय. शेवटच्या प्रकाराला कोटार्ड सिंड्रोम म्हणतात, ज्यूल्स कोटार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८८० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. आवाज ऐकू आले तर ते पण असेच, चोर आहेस, मर, तुझ्यामुळं झालं. माणूस जे आयुष्यभर जपतो तिथंच भ्रम येऊन बसतो असं मला पेशंट बघताना पुष्कळदा जाणवलंय, दिवाणजींना हिशोबाचा, आईला लेकरांचा, पुजाऱ्याला विटाळाचा. हे माझं निरीक्षण आहे, नियम म्हणून घेऊ नका. कधी कधी उदासीशी न जुळणारे भ्रम पण असतात, कुणीतरी मनातले विचार काढून घेतं वगैरे, तेव्हा आम्ही जास्त खोलात जातो.

बाकी लक्षणं तुम्ही लिहिलीच आहेत, पहाटे लवकर जाग, सकाळी जास्त त्रास, भूक-वजन कमी. शिवाय काही जण इतके मंद होतात की एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मिनिट लागतं, काही जण उलट एका जागी बसू शकत नाहीत, हात चोळत येरझाऱ्या घालतात. येरझाऱ्या घालणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

स्किझोफ्रेनियापासून वेगळं कसं ओळखायचं असं लोक विचारतात. यात भ्रम-भास डिप्रेशनच्या काळातच असतात, मन सावरलं की तेही जातात. मन नीट असतानाही ते आठवडेच्या आठवडे राहिले तर निदान वेगळ्या दिशेला जातं. तसंच पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसेंदिवस उत्साहात, अफाट खर्च, मोठमोठ्या बाता असं झालं होतं का ते नक्की सांगा, कारण बायपोलर असेल तर उपचाराचा रस्ता बदलतो.

पूर्वभाग_सोलापूर
तसं कधी नाही झालं सर. माणूस एकदम शांत. रिक्षा बोलावलीय, निघालोय.

सिस्टर_आक्का
दादा, रिपोर्टची फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं (रिकामी पण), आधार कार्ड सोबत घ्या. मी वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगते, तिथं गेल्यावर रक्त-लघवी तपासतील, थायरॉइड, बी१२, साखर, सोडियम बघतील, वयामुळं डोक्याचा स्कॅन पण सांगतील, तर कशाला हे सगळं म्हणून वाद घालू नका. थायरॉइड बिघडला, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, विसरण्याचा आजार सुरू होत असला तरी असं दिसू शकतं. दारूचं असेल तर लपवू नका.

आणि घरच्या सगळ्यांना एक सांगून ठेवा, वाद नको. "असं काही नाही आप्पा, उगा काहीतरी बोलू नका" याचा उपयोग शून्य. पण "हो हो येणारच आहेत पोलीस" असं पण नाही म्हणायचं. म्हणायचं की तुम्हाला भीती वाटतीय ते दिसतंय, मी इथंच बसलीय. जेवणाचं पण तसंच, आतडी आहेत का नाहीत यावर बोलू नका, वाटीत पातळ पेज आणून हातात द्या, दोन घास गेले तरी चाललं.

तात्या_बाळे
आक्का, तुमचं खरं आहे. वय झालेल्या माणसाला उपास वगैरे नको. पूर्वभागवाले दादा, सिव्हिलला माझा पुतण्या असतो, रात्री डबा लागला तर इथं लिहा, पोचवतो.

पुण्यात_सोलापूरकर
वाचून अस्वस्थ झालो. माझ्या सासऱ्यांना अशाच आजारात फक्त डिप्रेशनची एकच गोळी चालू होती, फरक पडत नव्हता, मग दुसऱ्या डॉक्टरांनी सोबत अँटिसायकोटिक (भ्रम-भासावरची गोळी) जोडली आणि चित्र बदललं. डॉक्टर, दोन्ही एकत्रच लागतात का? इंटरनेटवर अँटिसायकोटिक वाचलं की घरातली मंडळी घाबरतात, "वेड्यांचं औषध" म्हणून.

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
बहुतेक वेळा हो, दोन्ही एकत्र किंवा मग ईसीटी, हेच याचे मुख्य उपचार. नुसत्या एकाच औषधावर गाडी अडकते. यावर अमेरिका-कॅनडात एक चांगला अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, २५९ पेशंट होते, त्यातले निम्म्याच्या आसपास साठीच्या पुढचे. अर्ध्यांना ओलांझापिन (हे अँटिसायकोटिक) आणि सर्ट्रालिन (ही डिप्रेशनची गोळी) दोन्ही दिलं, बाकीच्यांना ओलांझापिन आणि सोबत नुसती साखरेची गोळी. १२ आठवड्यांत दोन्ही औषधांच्या गटात शेकडा ४२ च्या आसपास लोक पूर्ण बरे झाले, एकट्या ओलांझापिनच्या गटात शेकडा २४. म्हातारे आणि तरुण दोघांतही एकत्र उपचाराचा फायदा दिसला. याचा अर्थ सगळ्यांना हीच जोडी द्यायची असा नाही, व्हेन्लाफॅक्सिन-क्वेटियापिन, रिस्पेरिडोन असे बरेच पर्याय आहेत, हृदय, साखर, वय, आधी काय लागू पडलं होतं ते बघून ठरतं.

आकडे वाचताना एक लक्षात घ्या, ४२ म्हणजे उरलेले सगळे तसेच राहिले असं नाही, काही जणांना बराच फरक पडतो पण पूर्ण नाही. त्यांच्यासाठी डोस वाढवणं, औषध बदलणं, लिथियम जोडणं आणि ईसीटी आहेच. गोळ्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो, झोप आणि अस्वस्थता आधी सुधारते, मग भूक, भ्रम हळूहळू सैल होतात. एके दिवशी सकाळी उठून आप्पा "मी चुकीचं समजत होतो" असं म्हणतील अशी वाट बघू नका. आधी ते त्या विषयावर कमी बोलायला लागतात, मग "असेल बाबा तसं" म्हणतात, मग विषय मागं पडतो.

वकील_सातरस्ता
ईसीटी म्हणजे शॉक ना? ते अजून देतात? कायद्यानं बंद केलंय असं ऐकलं होतं.

अक्कलकोटची_लेक
माझ्या आईला दिलंय, म्हणून सांगते. बंद नाही. आमचं पण शॉक म्हटल्यावर काळीज हललं होतं, पिक्चरमध्ये दाखवतात तसं बांधून, तोंडात कापूस कोंबून, किंचाळतोय माणूस. तसलं काहीच नव्हतं. सकाळी उपाशीपोटी नेलं, भूलतज्ज्ञ होते, सलाईनमधून भूल दिली, आई झोपली, अर्ध्या तासानं बाहेर आणली तेव्हा पेंगलेली होती, थोडं डोकं दुखतंय म्हणाली. मी बाहेर बाकावर रडत बसले होते, आईनं विचारलं तू का रडतीयस.

आमच्याकडं ती पाणीसुद्धा घेत नव्हती म्हणून डॉक्टर म्हणाले गोळ्यांची वाट बघायला वेळ नाही. काही वेळा झाल्यावर एका सकाळी तिनं स्वतःहून चहा मागितला. त्यात साखर कमी आहे म्हणून तक्रार पण केली. त्या काळातलं तिला काही काही आठवत नाही, माझ्या मावसबहिणीचं लग्न त्याच महिन्यात झालं ते तिच्या लक्षात नाही, फोटो बघून म्हणते मी होते का. एवढं नुकसान आहे, ते लपवत नाही. पण जुनं सगळं आठवतं, सगळ्या आरत्या पाठ आहेत, शेंगाचटणीचं प्रमाण पण.

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
वकीलसाहेब, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ९५, तुम्हीच वाचून बघा. बंदी आहे ती भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करण्यावर. १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी लागते. भूल देऊन, संमतीनं, केलं जातंच.

इतिहास बघितला तर १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा भूल नव्हती, हाडं मोडायची, ती भीती लोकांच्या मनात आजपर्यंत आहे. आताच्या पद्धतीत मेंदूत मिनिटभराच्या आतलं नियंत्रित फिट येतं, शरीर फारसं हलत पण नाही. साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा लागतं. आणि नेमकं सायकोटिक डिप्रेशनमध्ये हे सगळ्यात चांगलं काम करतं. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात कोर्स पूर्ण केलेल्यांपैकी भ्रम असलेल्या डिप्रेशनचे शेकडा ९५ पेशंट पूर्ण बरे झाले होते, भ्रम नसलेल्यांत ८३. औषधात असे आकडे क्वचित दिसतात. जेवण-पाणी बंद, आत्महत्येचा धोका मोठा, पेशंट दगडासारखा एका जागी, अशा वेळी आम्ही गोळ्यांच्या आधी याचा विचार करतो. ताई म्हणाल्या ते विसरणं खरं आहे, बहुतेकांत उपचाराच्या आसपासच्या काळापुरतं राहतं, काहींना जास्त जाणवतं, त्यामुळं आधी मोकळेपणानं बोलून घ्यावं. आणि ईसीटीनं बरं वाटलं म्हणून पुढच्या गोळ्या बंद केल्या तर आजार परत येतो.

वकील_सातरस्ता
कलम वाचलं, बरोबर आहे. मग मी पण एक भर घालतो. त्याच कायद्याचं कलम २१(४), विमा कंपनीनं शारीरिक आजाराला जसं संरक्षण देते तसंच मानसिक आजाराला द्यायचं. पॉलिसी असेल तर ॲडमिशनचा क्लेम टाकाच, "मानसिक आहे म्हणून नाही" असं तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आणि कलम ११५ प्रमाणं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावात होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेणं सरकारवर असतं. पोलीस केस होईल या भीतीनं दवाखान्यात न नेणारे लोक मी बघितलेत.

विजापूर_रोडची_सून
मधेच विचारते, माफ करा. माझ्या नणंदेला बाळंत होऊन थोडेच दिवस झालेत. झोपतच नाही, आणि म्हणते बाळ माझं नाहीच, बदललंय, याच्यात काहीतरी वाईट आहे. सासूबाई म्हणतात बाळंतवारा आहे, धुरी देऊ. हे पण असंच का?

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
ताई, याला आम्ही इमर्जन्सी समजतो, आज रात्रीच न्या. बाळंतपणानंतरचा सायकोसिस (भ्रम-भासांचा तीव्र आजार) असू शकतो, तो तासातासाला बदलतो, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण तिला दोषही देऊ नका, आईपण कमी पडलं म्हणून हे होत नाही. ताप असेल तर तेही सांगा. वेळेत उपचार झाले की या बायका फार छान बऱ्या होतात. धुरीची खोली बंद असते, तिथं तिला कोंडू नका.

विजापूर_रोडची_सून
निघालो. आभारी आहे.

मेडिकलवाला_नवीपेठ
काउंटरवर उभं राहून जे रोज दिसतं ते लिहितो. हे औषध घेऊन गेलेले लोक महिन्यानं येतात आणि म्हणतात "ती डिप्रेशनची द्या, दुसरी नको, तिनं वजन वाढतंय." आपल्या मनानं एक गोळी कापायची नसते हो. ओलांझापिननं भूक आणि वजन वाढतं, साखर वाढू शकते, हे खरंय, पण ते डॉक्टरांना सांगायचं, ते बदलतील. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनवाल्यांना हात थरथरणं, जबडा-मान आखडणं असं काही झालं तर लगेच जायचं. म्हाताऱ्यांना उठताना चक्कर येते, म्हणून पलंगावरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, मांडीचं हाड मोडलं की वेगळंच दुखणं सुरू.

जनऔषधीत यातली बरीच औषधं जेनेरिक मिळतात, खर्चाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. आणि डबा घरच्यांकडं, कुलपात. महिन्याचं औषध एकदम पेशंटच्या हातात देऊ नका, विशेषतः डिप्रेशनच्या जुन्या ट्रायसायक्लिक प्रकारच्या गोळ्या असतील तर, त्या जास्त पोटात गेल्या तर हृदयाला घातक आहेत.

पूर्वभाग_सोलापूर
मंडळी, बरेच दिवसांनी आलो. तात्या, डब्याबद्दल तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आप्पांना ॲडमिट केलं होतं. सर्ट्रालिन आणि ओलांझापिन चालू केलं, सुरुवातीला शांत राहायला लोराझेपाम पण होती, ती नंतर काढली. मधे एकदम गळून गेले, बोलणं अडखळायला लागलं, आम्हाला वाटलं गोळ्या जास्त झाल्या, तर रक्तात सोडियम कमी निघालं, ते डॉक्टरांनी सांभाळलं, औषध बदलून दिलं. मग हळूहळू फरक. पहिल्यांदा झोप आली. मग एके दिवशी शेजारच्या पेशंटला म्हणाले तुमचं सलाईन संपत आलंय, सिस्टरला बोलवा. आईच्या डोळ्यात पाणी आलं, इतके महिने ते दुसऱ्या कुणाकडं बघतच नव्हते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज बघायला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं होतं, पूर्वीसारखं "बोला एकदा भक्तलिंग" म्हणाले नाहीत, पण बसले शेवटपर्यंत.

आता जेवतात, वजन भरलंय, थोडं जास्तच भरलंय. एकदा मी हळूच विचारलं, आप्पा ते जप्तीचं काय. म्हणाले, "तेव्हा ते खरंच होतं रे माझ्यासाठी. तुम्ही सगळे पासबुक पुढं करायचात तेव्हा मला अजून भ्या वाटायचं, वाटायचं पोरं पण यात अडकली. सूनबाई नुसती येऊन बसायची, तेवढं बरं वाटायचं."

प्रश्न असा की आप्पाच आता म्हणतात मी बरा आहे, गोळ्या बंद करा. किती दिवस घ्यायच्या?

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
फार बरं वाटलं वाचून. बंद मात्र करू नका. यावरही त्याच गटाचा पुढचा अभ्यास आहे, २०१९ चा. दोन्ही औषधांवर बरे होऊन स्थिर झालेले १२६ पेशंट घेतले, सगळ्यांची सर्ट्रालिन चालू ठेवली, अर्ध्यांची ओलांझापिन पण चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू काढून तिच्या जागी नुसती साखरेची गोळी. ३६ आठवड्यांत ओलांझापिन चालू असलेल्यांत शेकडा २० जणांचा आजार उलटला, काढलेल्यांत शेकडा ५५. एवढा फरक! दुसऱ्या बाजूला, चालू ठेवलेल्यांचं वजन वाढलं, ते पण त्याच अभ्यासात आहे. त्यामुळं किती काळ हे आप्पांची साखर, वजन, आधीचा आजार किती भयंकर होता, हे सगळं तोलून तुमचे डॉक्टर ठरवतील. आप्पांना माझ्याकडून एवढं सांगा की बरे झालात ते गोळी चालू असताना झालात.

वजन, कंबर, साखर, चरबी, सोडियम ठरलेल्या वेळी तपासत राहा. आणि सोलापूरचा उन्हाळा येतोय. ही औषधं चालू असताना शरीराला उष्णता सोसत नाही, एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पाठवू नका, पाणी-ताक चालू ठेवा. कुणाला लिथियम चालू असेल तर त्यांनी जास्तच जपायचं, पाणी कमी पडलं, जुलाब झाले की रक्तातलं प्रमाण चढतं, हात जोरात थरथरले, चाल अडखळली तर लगेच दवाखाना. मीठ एकदम बंद करायचं नाही.

सिस्टर_आक्का
आणि दादा, परत सुरू झालं तर आधी काय दिसेल ते आप्पांच्या सोबत बसून लिहून काढा, त्यांना स्वतःला जास्त माहिती असतं. आमच्या एका पेशंटचं पहिलं लक्षण काय होतं सांगू, ते दाढी करायचे थांबायचे. बायकोला ते कळलं की ती तारखेची वाट न बघता घेऊन यायची, नंतर कधी ॲडमिट करायची वेळ आली नाही.

पूर्वभाग_सोलापूर
हे आजच करतो आक्का. आईला पण बसवतो सोबत.

मंगळवेढेकर
धागा आज वाचला. आमच्या चुलतीचं असंच आहे, म्हणती मला महारोग झालाय, तुम्हाला लागंल, म्हणून खोलीचं दार लावून बसती. अंगावर डाग सुद्धा नाही. जेवण दाराबाहेर ठेवतो, कधी खाती कधी नाही. दवाखाना म्हटलं की ओरडती. फसवून नेऊ का? पोरं म्हणतात बांधून न्यावं.

जुळे_सोलापूरचा_डॉक्टर
बांधू नका आणि फसवू पण नका, एकदा फसवलं की पुढची गोळी तिच्या तोंडात जाणार नाही. तिला जो त्रास मान्य आहे तो धरा. झोप लागत नसेल, अशक्तपणा असेल, "काकू, झोपेसाठी दाखवून येऊ, मी सोबत आहे" हे खोटं नाही. तिचा जिच्यावर जीव आहे अशा माणसानं बोलावं, एकानंच, चार जणांनी घेरून नाही. तोवर १४४१६ ला फोन करून तुमच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमची चौकशी करा, तालुक्याला त्यांची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते कळेल. तरीही तयार नसेल आणि जीव धोक्यात असेल, जेवण-पाणी बंद असेल, तर १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा. कायद्याच्या कलम ८९ मध्ये अशा माणसाला जवळच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, त्यासाठी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. अर्ज कसा करायचा ते दवाखान्यात सांगतात.

काकू शेवटचं पाणी कधी प्यायल्या? ते आधी कळवा.

मंगळवेढेकर
सकाळी अर्धा तांब्या घेतला सर. चुलतबहीण आज माहेरी आलीय, तिचं ऐकती ती. तिलाच आत पाठवतो.